विरलेल्या लुगड्याचा आधार

विरलेलं लुगडं एकेरी धरलं तर बोटानंही टरकतं. त्याचेच चार-पाच पदर एकावर एक अंथरून जवळजवळ धावदोरा घातला, की वर्षानुवर्षं अंगावर घेता येईल अशी गोधडी होते. टाके दाट असले की ताण एका जागी येत नाही. वरचा पदर फाटला तरी खालचा त्याला धरून ठेवतो. शिवाय धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुतातून सुई सहज जाते. नव्या कोऱ्या जाड कापडाचे तेवढेच थर हाताने शिवून पाहा! गोधडी म्हणा की वाकळ, कापड पातळ असणं ही तिथे कधी अडचण नव्हतीच.

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांची कवंदीही याच जातीची. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या आफ्रिकी गुलामांचे हे बहुतांशी वंशज. ठिगळं कडेपासून आत आत लावत जायची आणि कोपऱ्यांवर घडीची 'फुलं' बसवायची.

आधाराचा वेगळा विचार करावा लागला तो पातळ कापड मिरवायला वर आलं तेव्हा. १८८०च्या दशकात अमेरिकेत 'क्रेझी क्विल्ट'चं वेड पसरलं. रेशमाचे, मखमलीचे वेडेवाकडे तुकडे साध्या सुती कापडावर (आपल्या मांजरपाटासारख्या) बसवून शिवायचे. पण रेशमातच खोट होती. उकळून त्याचा नैसर्गिक डिंक काढला की वजन जवळपास चौथाईने घटतं, आणि रेशीम विकलं जायचं वजनावर. ती तूट भरायला कथील-लोखंडाचे क्षार त्यात मुरवत. कापड भारदस्त वाटायचं, तंतू मात्र आतून पोखरले जायचे. त्या काळच्या कितीतरी रजयांवरचं रेशीम आज चिरफाळलेलं आहे आणि खालचं स्वस्त सुती कापड शाबूत. जतन करणारे आता वरून झिरझिरीत जाळी टाचतात.

चिकटवायचं अस्तर दुसऱ्या महायुद्धानंतरचं. जर्मनीच्या फ्रॉइडेनबर्ग कंपनीने १९४८मध्ये 'व्लीजलाइन' हे न विणलेलं अस्तर आणलं. इस्त्रीच्या उष्णतेने वितळणारा डिंक त्याला पुढे लागला. आपले शिंपी त्या प्रकाराला फ्युजिंग किंवा पेस्टिंग म्हणतात. जुन्या टी-शर्टांची गोधडी करताना त्याचा खरा उपयोग, कारण होजिअरीचं कापड मशिनखाली ताणलं जातं. हाताने शिवणाऱ्या बायका मात्र त्यावर नाक मुरडतात. सुई अडते, मऊपणा जातो. त्यापेक्षा आतून मलमलीचा एक पदर बरा.