१८०० ची अमेरिकी अध्यक्षीय निवडणूक : पक्षशिस्तीने निर्माण केलेला पेच

१७८७ मध्ये तयार झालेल्या अमेरिकी राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखही नव्हता. प्रत्येक निर्वाचकाने (म्हणजे अध्यक्ष निवडण्यासाठी राज्यांनी नेमलेल्या प्रतिनिधीने) दोन व्यक्तींना मते द्यावीत, बहुमतासह सर्वाधिक मते मिळवणारा अध्यक्ष आणि त्याच्या खालोखालचा उपाध्यक्ष व्हावा, अशी तरतूद होती. जॉर्ज वॉशिंग्टन दोन्ही वेळा एकमताने निवडून आल्याने तिची कसोटी लागली नाही. पण त्यांच्याच कारकिर्दीत राष्ट्रीय बँक, सरकारी कर्ज आणि ब्रिटन-फ्रान्स युद्धातील भूमिका यांवरून अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांचे फेडरॅलिस्ट आणि थॉमस जेफर्सन व जेम्स मॅडिसन यांचे रिपब्लिकन असे दोन तट पडले. (आजच्या रिपब्लिकन पक्षाशी या पक्षाची गल्लत करू नये, तो १८५४ मध्ये जन्मला.)

१७९६ मध्ये ईशान्येकडील न्यू इंग्लंड राज्यांमधील काही फेडरॅलिस्ट निर्वाचकांनी आपल्याच पक्षाच्या थॉमस पिंकनी यांना दुसरे मत नाकारले. परिणामी जॉन ॲडम्स ७१ मतांनी अध्यक्ष झाले आणि ६८ मते मिळवणारे त्यांचे प्रतिस्पर्धी जेफर्सन उपाध्यक्ष.

१८०० मध्ये दोन्ही पक्ष सावध होते. न्यूयॉर्कचे निर्वाचक तेथील विधिमंडळ निवडत असे. म्हणून तेथील रिपब्लिकन नेते ॲरन बर यांनी त्या वसंतातील विधिमंडळ निवडणुकीत शहरात नेटाने पक्षबांधणी केली आणि राज्याची १२ मते रिपब्लिकनांकडे वळवली. ही मते निर्णायक ठरली. शिस्त मात्र इतकी काटेकोर निघाली की प्रत्येक रिपब्लिकन निर्वाचकाने पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार जेफर्सन आणि उपाध्यक्षपदाचे उमेदवार बर या दोघांनाही मत दिले व ७३-७३ अशी बरोबरी झाली. फेडरॅलिस्टांनी अशी बरोबरी टाळण्याची काळजी घेतली होती : ऱ्होड आयलंडमधील त्यांच्या एका निर्वाचकाने दुसरे मत जॉन जे यांना दिल्याने ॲडम्स ६५ आणि चार्ल्स पिंकनी ६४ असा फरक राहिला.

निर्णय अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाकडे, म्हणजे प्रतिनिधिगृहाकडे गेला. तेथे प्रत्येक राज्याला एक मत होते आणि १६ पैकी ९ राज्ये हवी होती. ११ फेब्रुवारी १८०१ पासून फेरीमागून फेरी होत राहिली, पण जेफर्सन यांची गाडी ८ राज्यांवरच अडली. अनेक फेडरॅलिस्ट सदस्य बर यांना मते देत होते. हॅमिल्टन यांनी मात्र बर यांच्यापेक्षा जेफर्सन बरे, अशी पत्रे स्वपक्षीयांना धाडली. अखेर १७ फेब्रुवारीला, ३६ व्या फेरीत, डेलावेअरचे एकमेव प्रतिनिधी जेम्स बेयर्ड आणि काही सहकारी बर यांच्या बाजूने मतदान करण्यापासून दूर राहिले आणि १० राज्यांच्या पाठिंब्याने जेफर्सन निवडून आले.

१८०४ मध्ये संमत झालेल्या बाराव्या घटनादुरुस्तीने दोन्ही पदांसाठी स्वतंत्र मते देण्याची पद्धत आणली. पक्षाचा शब्दही न उच्चारता राज्यघटनेने पक्षांच्या जोड-उमेदवारीला जागा करून दिली, आणि त्याच वर्षी जेफर्सन व जॉर्ज क्लिंटन यांची जोडी १६२ विरुद्ध १४ मतांनी विजयी झाली.