बारा तत्त्वं, नाव पडण्याआधीची

कॅरेक्टर अ‍ॅनिमेशनची, म्हणजे रेखाटलेलं पात्र जिवंत वाटावं यासाठीची, ‘बारा तत्त्वं’ आज विद्यार्थी पाठ करतात. ही यादी १९८१ ची. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या डिस्नेच्या मुरलेल्या अ‍ॅनिमेटरांनी ती पुस्तकात मांडली. पद्धत मात्र १९३० च्या दशकातच डिस्नेच्या स्टुडिओत चित्रं काढता काढता घडली होती. मुंबईत ती पोचली तीही पुस्तकाच्या पंचवीस वर्षं आधी, माणसाच्या हातून.

आगकाड्या एकेक फ्रेमला सरकवून दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास हलती चित्रं केली होती. पण काडीला वजन नसतं, मनही नसतं. पात्राचा ‘अभिनय’ रेखाटायची शिस्त लागली ती १९५६ मध्ये. फिल्म्स डिव्हिजन या सरकारी चित्रपटसंस्थेने व्यंगपट (कार्टून) विभाग काढला आणि अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्याखाली डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले. ते मूळचे भारतातच जन्मलेले. भारतीय अ‍ॅनिमेशनमधले अग्रणी राम मोहन याच विभागात तयार झाले.

शिकायचं काय होतं? पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम, पण एक चित्र दोन फ्रेम धरायचं, म्हणजे १२ चित्रं भागतात. पार्श्वभूमी सरकत असेल तर मात्र ही काटकसर अंगाशी येते: पात्र थरथरल्यासारखं दिसतं, तिथे प्रत्येक फ्रेमला चित्र हवंच. आधी टोकाच्या पोझ, मग त्यांच्या मधलं मुख्य चित्र म्हणजे ब्रेकडाउन, शेवटी उरलेली मधली चित्रं, म्हणजे इनबिटवीन. आणि कागदाच्या कडेला टायमिंग चार्ट, कुठली चित्रं दाट आणि कुठली विरळ ते सांगणारा. अंतरं सारखी ठेवली की पात्र पाण्यात असल्यासारखं तरंगतं. नवशिक्याची दुसरी चूक म्हणजे मान वळताना दोन पोझच्या मधलं चित्र सरळ रेषेत काढणं. डोकं मार्गात खाली यायला हवं, कमानीसारखं. नाहीतर ते नुसतं घसरत गेल्यासारखं वाटतं. चेंडू ताणायचा तर तेवढाच बारीकही करायचा, नाहीतर तो मोठा झालेला दिसतो.

बारातलं एक तत्त्व ‘फॉलो थ्रू’: मुख्य हालचाल थांबली तरी सुटे भाग हलत राहतात. ते समजायला मुंबईकराला पुस्तक नको. लोकल थांबते, माणसं पुढे झुकून मागे येतात, आणि वरच्या कड्या त्यानंतरही हलत राहतात.

पात्रं सेलवर, म्हणजे पारदर्शक पत्र्यांवर, रंगवून एकावर एक ठेवत त्या काळात आणखी एक कटकट होती, तिचा कुठल्याच तत्त्वात उल्लेख नाही. प्रत्येक पारदर्शक थर खालचा रंग किंचित मळवतो. शॉटच्या मध्ये एक थर कमी झाला की पात्राचा रंग उडी मारतो. म्हणून रिकामा सेल टाकून थरांची संख्या कायम ठेवायची.

आता रंग संगणकात भरतात, पण दोन पोझमध्ये सॉफ्टवेअरने सारख्या अंतराने भरलेली हालचाल तशीच तरंगते. दुरुस्ती हालचालीच्या ग्राफमधली रेघ वाकवून करतात. चार्टवरच्या दाट-विरळ रेघांचंच ते काम आहे.