गावरान वाणाची नोंदणी: अर्ज कोणी करायचा, काय जोडायचं, कुठे अडतं

घरचं बियाणं राखायला, पेरायला, शेजाऱ्याशी अदलाबदल करायला किंवा विकायला नोंदणी लागत नाही. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ च्या कलम ३९ ने तो हक्क दिलेलाच आहे. मनाई आहे ती फक्त संरक्षित, म्हणजे या कायद्याखाली नोंदलेल्या, वाणाचं बियाणं ब्रँड लावून विकायला. नोंदणी करायची ती राखलेल्या वाणावर दुसऱ्याने हक्क सांगू नये म्हणून.

अर्ज एक शेतकरी, गट किंवा समुदाय करू शकतो. वाण गावात चार घरी असेल तर गटानेच करावा, नाहीतर पुढे वाद ठरलेला. पिकाची प्रजाती राजपत्रात अधिसूचित आहे का, हे आधी पाहा. नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ. शेतकरी वाणाला, म्हणजे शेतकऱ्यांनीच राखलेल्या अशा वाणाला, नोंदणी शुल्क नाही. अर्जावर जैवविविधता व्यवस्थापन समिती, जिल्हा कृषी अधिकारी, कृषी विद्यापीठाचे संशोधन संचालक किंवा जिल्हा आदिवासी विकास कार्यालय यांपैकी एकाची शिफारस सही-शिक्क्यासह लागते.

अर्ज अडतो तो वाणाच्या वर्णनात. ‘चवीला गोड, रोग कमी’ असं लिहून भागत नाही. भात असेल तर लोंबीला कुसळ आहे का, तुसाचा रंग कोणता, दाणा किती लांब, फुलोरा किती दिवसांनी, हे शेतात उभं राहून, मोजून लिहा. त्याच्याशी सर्वांत मिळताजुळता वाण कोणता आणि फरक नेमका कशात, हेही सांगा. ‘गावठी’ किंवा ‘लाल’ अशी नावं टाळा. ती दहा वाणांना लागू पडतात. नुसते आकडेही नाव म्हणून चालत नाहीत.

बियाणं इतर वाणांच्या निम्मंच द्यावं लागतं, पण औषध चोळलेलं नको. राखेत ठेवलेलं असेल तर चाळून, निवडून द्या. वाण वेगळा आणि एकसारखा आहे का, याची चाचणी दोन ठिकाणी, एका हंगामात होते. वेगळी दिसणारी झाडं नव्या वाणात जेवढी चालतात, त्याच्या दुपटीपर्यंत इथे चालतात. घरच्या बियाण्यात त्याहून जास्त सरमिसळही सापडू शकते, म्हणून आदल्या हंगामातच फुलोऱ्यात आणि पुन्हा कापणीआधी भेसळ उपटून काढावी.

तपशील या कायद्याखाली नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाच्या नियतकालिकात छापला की हरकतींसाठी तीन महिने मिळतात. प्रमाणपत्र आधी सहा वर्षांचं, नूतनीकरण धरून एकूण १५. झाडं आणि वेलींना नऊ आणि १८.