हृदयाचे ठोके आणि बीटा ब्लॉकर

बीटा ब्लॉकर म्हणजे हृदयाचे ठोके आवरणाऱ्या औषधांचा एक गट, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, अटेनोलॉल, प्रोप्रानोलॉल ही त्यातली नेहमीची नावं. आपल्याकडे नाशिकला हिला सरळ बीपीची गोळीच म्हणतात, ते चूक नाहीये, पण छातीत धडधड होणाऱ्या, नाडी वेडीवाकडी चालणाऱ्या बऱ्याच पेशंटना ती बीपीसाठी दिलेलीच नसते आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

आपण घाबरलो किंवा पांडवलेणीच्या पायऱ्या भरभर चढलो की अ‍ॅड्रेनलिन वाढतं, ते हृदयातल्या बीटा रिसेप्टरवर जाऊन बसतं आणि ठोके वाढतात. ही गोळी तीच जागा आधी अडवून ठेवते. मग ठोका सुरू करणारा एसए नोड जरा सावकाश चालतो आणि वरच्या कप्प्यांतून खाली सिग्नल पाठवणारा एव्ही नोडही सगळेच सिग्नल खाली सोडत नाही.

ठोक्यांच्या आजारांत हिचा सगळ्यात जास्त वापर होतो एट्रियल फिब्रिलेशनमध्ये. यात वरचे कप्पे नुसते थरथरत राहतात, मिनिटाला 300 च्या वर सिग्नल येतात, ते सगळे खाली गेले तर माणूस टिकणारच नाही. बीटा ब्लॉकरने नाडी सरळ होत नाही हे नीट समजून घ्या, ती अनियमितच राहते पण वेग आटोक्यात येतो, बसल्या जागी 110 च्या आत, काहींना 80 च्या आत. आणि रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ही गोळी काहीच करत नाही, त्यासाठी रक्त पातळ करायचं औषध वेगळं असतं.

माझी मावशी पंचवटीत राहते. मशिनवर बीपी 120/80 आलं म्हणून तिने गोळी स्वतःच बंद केली, आणि त्याच आठवड्यात गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीच्या घाटावर, बुधवारच्या बाजारात भाजीची पिशवी घेऊन पायरीवर मटकन बसली. मी मनगट धरलं तर बोटाखाली दोन ठोके घाईघाईत, मग गॅप, मग परत तीन-चार एकदम, मोजताच येईना. गोळी अचानक थांबवली की इतके दिवस अडवलेले रिसेप्टर जास्तच जोरात प्रतिसाद देतात, अँजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं, असलेल्याला तर अटॅकही येऊ शकतो, म्हणून बंद करायचीच असेल तर डॉक्टर डोस हळूहळू कमी करतात.

हे औषध 1960 च्या दशकात स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांच्या कामातून आलं, प्रोप्रानोलॉल, तेही मुळात अँजायनासाठी. 1988 चं नोबेल मिळालं त्यांना. आज काही आनुवंशिक आजारांत, म्हणजे लाँग क्यूटीसारख्यात (यात प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाची वीज पूर्ववत व्हायला जास्त वेळ लागतो), जिथे तरुण पोरं पळताना कोसळतात, तिथेही हाच गट पहिला आधार आहे. अधूनमधून ठोका चुकतो आणि हृदय बाकी ठणठणीत आहे अशांना बहुतेक वेळा गोळी लागतच नाही.

दम्याच्या पेशंटने पंप वापरतो हे आधीच सांगावं, कारण प्रोप्रानोलॉलसारख्या गोळ्या फुफ्फुसातले रिसेप्टरही अडवतात आणि श्वासनळ्या आवळतात. शुगरवाल्यांची साखर उतरली की जी धडधड होते ती लपते, घाम मात्र येतो, त्यावर लक्ष ठेवा. व्हेरापामिल हे ठोके कमी करणारं दुसरं औषध सोबत चालू असेल तर नाडी फारच खाली जाऊ शकते. चक्कर, हातपाय गार पडणं, थकवा हे त्रास दिसतात. आणि नावापुढे एक्सएल लिहिलेली मेटोप्रोलॉल कुटून किंवा चावून घेऊ नये, दिवसभर हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटतं.