लेव्हल खेळाडूंच्या, गल्ला कोणाचा?

फर्मागुढीचं इंजिनिअरिंग कॉलेज असो की झुआरीनगरचं बिट्स, गेम करण्याचा नाद लागलेल्या मुलांशी थोडा वेळ बोललं की एक कल्पना हमखास पुढे येते. आपण फक्त खेळाचे नियम आणि लेव्हल, म्हणजे खेळाचे टप्पे, रचायचं साधन द्यायचं, लेव्हल लोकच रचतील. तीन-चार जणांच्या गटाला याचा मोह पडणारच. चित्रकार परवडत नाही, लेव्हल डिझायनर सहजी सापडत नाही, मग फुकटात राबणारे हजारो हात मिळाले तर कोणाला नको? पण असा गेम विकून पोट भरतं का, हा प्रश्न चाळीस वर्षं जुना आहे आणि तो सोडवताना भल्याभल्या कंपन्यांनी हात पोळून घेतले आहेत.

सुरुवात 1983 च्या आसपासची. बिल बज या अमेरिकन प्रोग्रामरच्या ‘पिनबॉल कन्स्ट्रक्शन सेट’मध्ये पिनबॉलचं टेबल आपलं आपणच जुळवायचं, हाच खेळ. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने तो विकला आणि तो चांगला खपला. त्याच वर्षी ब्रॉडरबंडने काढलेल्या ‘लोड रनर’मध्ये 150 तयार लेव्हल होत्या आणि वर एक लेव्हल एडिटर, म्हणजे लेव्हल रचायचं साधन. एडिटरला कोणी हातही लावला नाही तरी गिऱ्हाइकाचे पैसे वसूल होत. शिवाय मुलांनी रचलेल्या लेव्हल फ्लॉपीवरून या हातातून त्या हातात जात. त्या साठवायच्या, निवडायच्या, भिकार निघाल्या तर बोलणी खायची, यातलं काहीच कंपनीच्या डोक्यावर नव्हतं. दुकानात खोकं विकलं की हिशेब मिटला.

खरी उलथापालथ केली ‘डूम’ने. डिसेंबर 1993 मध्ये आयडी सॉफ्टवेअरने तो बाहेर काढला, तेव्हा त्यांचा मुख्य प्रोग्रामर जॉन कारमॅकने नकाशे, चित्रं, आवाज हे सगळं मूळ प्रोग्रामपासून वेगळं करून वॅड नावाच्या फाइलींत ठेवलं होतं. आधीच्या ‘वुल्फेन्स्टाइन 3डी’त लोकांनी फाइली फोडून स्वतःचे नकाशे घुसवले होते. कारमॅकला ते आवडलं होतं, म्हणून या खेपेला त्याने दारच उघडं ठेवलं. कंपनीत सगळ्यांनाच हे पसंत होतं असं नाही. पण काही आठवड्यांत खेळाडूंनी स्वतःच एडिटर लिहिला आणि पुढच्या काही वर्षांत हजारो लेव्हल नेटवर जमल्या. आयडीने एक अट मात्र घातली: या लेव्हल फुकट वाटलेल्या नमुन्याच्या डूमवर चालता कामा नयेत, विकत घेतलेल्या प्रतीवरच चालाव्यात. परक्याने फुकट रचलेली प्रत्येक चांगली लेव्हल त्यामुळे आयडीची जाहिरात ठरली. इतका स्वच्छ सौदा पुढे फार थोड्यांना जमला.

पैसा दिसला की मधले येतातच. नेटवरच्या लेव्हल गोळा करून सीडीवर भरायच्या आणि दुकानांत विकायच्या, असा धंदा काही कंपन्यांनी मांडला. रचणाऱ्यांना त्यातला छदामही मिळत नसे. मग आयडीनेच 1995 मध्ये निवडक लेव्हलींची सीडी काढली आणि 1996 च्या ‘फायनल डूम’मध्ये तर चाहत्यांनी रचलेले दोन संच घेतले. त्यातला एक संच फुकट वाटला जाण्याच्या अगदी बेतात असताना आयडीने तो विकत घेतला आणि वाट पाहत बसलेले खेळाडू चिडले. त्यांचा राग मला समजतो, पण रचणाऱ्यांच्या हातात पैसे पडले, हेही काही थोडं नव्हे.

याच सुमाराला मामला कोर्टात गेला. ‘ड्यूक न्यूकेम 3डी’सोबत एडिटर यायचा आणि लेव्हल फुकट वाटायला मुभा होती. मायक्रो स्टार नावाच्या कंपनीने अशा 300 लेव्हल उतरवून घेतल्या आणि ‘न्यूक इट’ नावाच्या सीडीवर विकायला ठेवल्या. 1998 मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने निकाल दिला तो मूळ गेमच्या प्रकाशकाच्या बाजूने. या लेव्हल म्हणजे ड्यूकच्याच गोष्टीचे पुढचे भाग आहेत आणि ते विकण्याचा हक्क मूळ मालकाचा, असं न्यायालयाने म्हटलं. ज्यांनी त्या 300 लेव्हल रचल्या, ते या खटल्यात पक्षकारसुद्धा नव्हते.

त्यानंतरची दोन उदाहरणं गोव्यातल्या चाळिशीकडे झुकलेल्या पिढीने स्वतः खेळलेली आहेत. म्हापसा, मडगाव, पणजीच्या सायबर कॅफेंत तासावर पैसे मोजून ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळताना ज्या ‘डस्ट टू’ नकाशावर सगळे मरायचे, तो डेव्ह जॉन्स्टन या ब्रिटिश पोराने हौसेखातर रचलेला. मूळ काउंटर-स्ट्राइकही मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोघांनी 1999 मध्ये ‘हाफ-लाइफ’ या गेमवर चढवलेला बदल होता. हाफ-लाइफ काढणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने तो ताब्यात घेतला आणि 2000 मध्ये खोक्यात घालून विकला. (आपल्या कॅफेंतल्या प्रती त्या खोक्यातल्या होत्या का, हे विचारू नये.) ब्लिझर्ड या कंपनीच्या हातून मात्र असा घास निसटला. 2002 च्या ‘वॉरक्राफ्ट 3’बरोबर त्यांनी उत्तम एडिटर दिला, त्यातून ‘डोटा’ नावाचा नकाशा जन्मला आणि त्या एका नकाशाच्या वळणावर पुढे ‘लीग ऑफ लेजंड्स’ आणि ‘डोटा 2’ असे दोन प्रचंड धंदे उभे राहिले. दोन्ही दुसऱ्यांचे. ‘डोटा’ हे नाव कोणाचं यावरून ‘डोटा 2’ काढणाऱ्या व्हॉल्व्हशी झालेला वाद 2012 मध्ये तडजोडीने मिटला आणि नाव व्हॉल्व्हकडेच राहिलं. 2020 मध्ये वॉरक्राफ्ट 3 ची नवी आवृत्ती आली, तेव्हा खेळाडूंनी रचलेलं सगळं आमच्या मालकीचं, असं कलम ब्लिझर्डने घातलं. घोडा पळाल्यावर तबेल्याला कडी लावली, एवढाच त्याचा अर्थ.

इथपर्यंतच्या सगळ्या गेममध्ये लेव्हल रचणं हा जोडधंदा होता. तोच मुख्य धंदा करायचा धाडसी प्रयोग ‘लिटल बिग प्लॅनेट’ने 2008 मध्ये केला. मीडिया मॉलिक्यूल हा इंग्लंडमधला छोटा स्टुडिओ आणि पाठीशी सोनी. गेम गाजला, लाखो लेव्हल जमल्या, 2010 मध्ये सोनीने स्टुडिओच विकत घेतला. पण फ्लॉपीच्या काळात जो खर्च कोणाचाच नव्हता, तो आता कंपनीकडे आला. लेव्हल सर्व्हरवर ठेवायच्या, अश्लील किंवा चोरलेल्या काढून टाकायच्या, शोधायला सोप्या करायच्या आणि हे सगळं वर्षानुवर्षं करायचं. गिऱ्हाइकाने मात्र एकदाच पैसे दिलेले. 2021 मध्ये हल्लेखोरांच्या उपद्रवामुळे या मालिकेतल्या जुन्या गेमचे सर्व्हर कायमचे बंद झाले आणि 2024 मध्ये ‘लिटल बिग प्लॅनेट 3’चेही. याच स्टुडिओचा ‘ड्रीम्स’ फेब्रुवारी 2020 मध्ये आला. त्यात शिल्पं, संगीत, अख्खे गेम घडवता येत. समीक्षकांनी डोक्यावर घेतला. पण तो फक्त प्लेस्टेशनवर होता आणि त्यात घडवलेलं बाहेर नेऊन विकायची सोय नव्हती. सप्टेंबर 2023 पासून त्यात नवी भर घालणं थांबलं. मायक्रोसॉफ्टचा ‘प्रोजेक्ट स्पार्क’ तर 2014 मध्ये आला आणि 2016 मध्ये गेलाही.

मग निन्टेन्डोला हे कसं जमलं? ‘सुपर मारिओ मेकर’ हा मुळात कंपनीत साधनं बनवणाऱ्या गटाने सहकाऱ्यांसाठी केलेला एडिटर. ताकाशी तेझुका या जुन्याजाणत्या निर्मात्याला त्यात खेळ दिसला आणि सप्टेंबर 2015 मध्ये तो निन्टेन्डोच्या वी यू या गेमच्या यंत्रावर आला. ते यंत्र जगभरात जेमतेम 1 कोटी 35 लाख खपलेलं, त्यावर हा गेम 40 लाखांच्या घरात गेला. एक नियम त्यांनी फार शहाणपणाने घातला: स्वतः रचलेली लेव्हल स्वतः पार करून दाखवल्याशिवाय ती वर चढवता येत नाही. तरीही बहुतेक लेव्हल कंटाळवाण्या किंवा छळवादी असत, हे खेळलेल्यांना माहीत आहे.

रचणाऱ्यांची जिद्द मात्र अफाट. वी यू ची ऑनलाइन सेवा 8 एप्रिल 2024 ला बंद होणार म्हटल्यावर, आजवर कोणीच पार न केलेली एकही लेव्हल मागे ठेवायची नाही, असा चंग काही खेळाडूंनी बांधला. अखेरची उरलेली ‘ट्रिमिंग द हर्ब्ज’ ही लेव्हल रचणाऱ्याने यंत्राच्या मदतीने पार करून वर चढवली होती, असं निघालं. ती मोजणीतून वगळली, तरी एकाने मुदत संपण्याआधी हाताने पार करून दाखवलीच. या सगळ्या धडपडीतून निन्टेन्डोला नवी कमाई काहीच नव्हती.

मारिओ मेकरचा दुसरा भाग जून 2019 मध्ये निन्टेन्डोच्या स्विच या पुढच्या यंत्रावर आला आणि 80 लाखांपलीकडे खपला. आपल्याकडे स्विच येतो तो बहुधा आखातातून किंवा बोटीवरून सुट्टीला आलेल्या मामा-काकाच्या बॅगेतून, त्यामुळे गोव्यातली काही पोरंही यात रमली. या वेळी दुसऱ्यांच्या लेव्हल खेळायच्या तर निन्टेन्डोची ऑनलाइन वर्गणी भरावी लागते, म्हणजे सर्व्हरच्या कायमच्या खर्चाला कायमचं उत्पन्न जोडलं गेलं. पण याच आकड्याशेजारी दुसरा ठेवून पाहावा. 2012 चा जुना, तयार लेव्हलींचा मारिओ 2019 मध्ये स्विचसाठी पुन्हा काढला, तो दीड कोटींच्या वर गेला. अमर्याद लेव्हल देणाऱ्या गेमपेक्षा मोजक्या, पारखलेल्या लेव्हल देणारा जवळपास दुप्पट. रचणारे थोडे आणि खेळणारे फार, आणि खेळणाऱ्याला चांगलं तेवढंच हवं असतं.

नरकासुराचं आपल्याकडे असंच आहे. पोरं रात्री जागवून वाड्यावाड्यावर पुतळे उभे करतात, दिवाळीच्या आदल्या रात्री लोक फिरून बघतात, तिकीट कोणी लावत नाही. खर्च वर्गणीतून आणि पुढाऱ्यांच्या बक्षिसांतून निघाला तर निघतो. नेमाने कमावतो तो बाजारात मुखवटे विकणारा. निन्टेन्डो असा मुखवटेवाला आहे, कारण मारिओ त्याच्याशिवाय दुसऱ्याकडे मिळत नाही. नव्या स्टुडिओकडे विकायला मुखवटाच नसतो, आणि माझ्या मते अशा गेमचा धंदा अडतो तो इथे. एडिटर कितीही सुबक असला तरी ज्या खेळाचं नावच कोणी ऐकलेलं नाही, त्याची लेव्हल रचायला कोण बसणार?

‘रोब्लॉक्स’ने वेगळी वाट काढली. डेव्हिड बझुकी आणि एरिक कॅसल यांनी 2006 मध्ये सुरू केलेल्या या जागेत कंपनीचा स्वतःचा असा गेमच नाही; सगळं खेळाडूंनी घडवलेलं, प्रवेश फुकट, आत रोबक्स नावाचं चलन. 2013 पासून रचणाऱ्यांना रोबक्सचे डॉलर करून घेता येऊ लागले. 2023 मध्ये कंपनीने त्यांना 74 कोटी 10 लाख डॉलर दिले. त्याच वर्षी कंपनीचं उत्पन्न 280 कोटी डॉलर होतं आणि तोटा 115 कोटी डॉलर! इतका मोठा पसारा असून तोटा, यात सर्व्हर, देखरेख आणि पगार यांचा वाटा मोठा. रचणाऱ्यांत अल्पवयीन मुलं पुष्कळ आणि रोबक्स विकत घेतानाचा भाव व मोडतानाचा भाव यांत मोठी तफावत, यावरून टीका होते. ती मला रास्त वाटते. ‘फोर्टनाइट’ने 2023 पासून आपल्या निव्वळ उत्पन्नाचा 40 टक्के वाटा बेटं (तिथल्या लेव्हल) रचणाऱ्यांना द्यायला सुरुवात केली. पण फोर्टनाइट आधीच जगभर गाजलेला होता.

छोट्या गटाला हुरूप येईल असं उदाहरण एकच, ‘जॉमेट्री डॅश’. स्वीडनच्या रॉबर्ट टोपालाने 2013 मध्ये एकट्याने केलेला मोबाइल गेम. किंमत एकदाच आणि थोडी, सुरुवातीला त्याने स्वतः रचलेल्या लेव्हल, मग लोकांच्या असंख्य. लेव्हलची फाइल म्हणजे आवळून साठवलेला मजकूर, त्यामुळे साठवायला खर्च कमी. अवघड लेव्हलींची क्रमवारी चाहतेच लावतात. 2017 नंतरची मोठी सुधारणा यायला डिसेंबर 2023 उजाडला, तोवर लोकांच्या लेव्हलींनीच गेम जिवंत ठेवला. तरीही आधी त्याच्या स्वतःच्या लेव्हल लोकांना आवडल्या होत्या, हे विसरून चालणार नाही.

सर्व्हरच्या खर्चाला आज कॉम्प्युटरवर तोड आहे. स्टीम या व्हॉल्व्हच्या ऑनलाइन गेम-दुकानात 2011 पासून चालू असलेल्या वर्कशॉपवर खेळाडूंच्या लेव्हल व्हॉल्व्हच ठेवून घेतं, गेम करणाऱ्याला त्याचं वेगळं भाडं पडत नाही. विक्रीतला वाटा, साधारण 30 टक्के, ते घेतातच. तिथे लेव्हल किंवा बदल विकत द्यायचा प्रयोग एप्रिल 2015 मध्ये ‘स्कायरिम’ या गेमपासून झाला होता. रचणाऱ्याला 25 टक्के मिळणार होते. खेळाडूंनी एवढा गदारोळ केला की काही दिवसांत तो गुंडाळावा लागला. फुकटाची सवय लागलेल्या ठिकाणी किंमत लावणं किती अवघड, ते तिथे दिसलं.

प्ले स्टोअरकडे मात्र वर्कशॉपसारखी सोय नाही, आणि आपल्याकडची बहुतेक पोरं खेळतात ती फोनवर. नकाशे रचण्याची त्यांची हौस सध्या भागते ती बीजीएमआयच्या (पबजीच्या भारतीय अवताराच्या) वर्ल्ड ऑफ वंडरमध्ये आणि फ्री फायर मॅक्सच्या क्राफ्टलँडमध्ये. फर्मागुढीच्या मुलांची पहिली स्पर्धा त्या दोघांशी आहे, आणि ते दोघेही एडिटरचे पैसे घेत नाहीत.