चार्जशीट येईपर्यंत वकील नको? कोणी सांगितलं?

मुंबईत कोणाला रात्री उचललं की सोसायटीतला एक जाणकार हमखास सांगतो, आत्ता वकील करून काय उपयोग, चार्जशीट (तपासानंतर पोलीस कोर्टात देतात ते आरोपपत्र) येऊ दे मग बघू. साफ चूक. अटक झाल्यापासून आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटायचा हक्क घटनेच्या कलम २२ मध्येच आहे, चौकशी चालू असताना पण भेटता येतं, फक्त तो पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही एवढंच. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेतात आणि पोलीस कोठडी मागतात ती तिथेच, मग विरोध करायला तेव्हा कोणी उभं नको का? पैसे नाहीत? कस्टडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, १५१०० या कायदेशीर मदतीच्या हेल्पलाइनला फोन लावा. आणि किल्ला कोर्टाबाहेर कोणी 'जामीन गॅरंटी' म्हणत मागे लागला तर वकालतनाम्यावर (त्या वकिलाला तुमची केस चालवायचा अधिकार देणारा कागद) सही करून मोकळे होऊ नका, जामीन द्यायचा की नाही ते जज ठरवतो.