महागड्या इंडक्शनचा कस मंद आचेवर लागतो

नागपुरात सीताबर्डीतल्या कुठल्याही दुकानात इंडक्शन शेगडी बघायला गेलात की विक्रेता आधी वॅट सांगतो. अडीच-तीन हजारांच्या शेगडीवर २००० वॅट लिहिलेलं असतं आणि ओट्यात बसवायच्या साठ हजारांच्या हॉबच्या एका झोनवरही, म्हणजे एका भांड्याच्या जागेवरही, साधारण तेवढंच. मग गिऱ्हाईक दोनपैकी एक निष्कर्ष काढतं. एक तर महाग म्हणजे नुसती काच आणि नाव, नाहीतर महाग म्हणजे स्वयंपाक झटपट. दोन्ही चुकीचे आहेत. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला सुमारे ३१४ किलोज्यूल उष्णता लागते. ८५ टक्के कार्यक्षमता धरली तर २००० वॅटची कुठलीही शेगडी हे काम तीन मिनिटांत करते, आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून ४० अंशांचं पाणी येतं तेव्हा अडीच मिनिटांत. पाणी उकळायचं असेल तर वॅट म्हणजे वॅट, किमतीचा संबंध नाही. किमतीचा फरक दिसतो तो आच कमी केल्यावर, आणि तो का दिसतो हे कळण्यासाठी शेगडीच्या पोटात शिरावं लागतं.

काचेखाली तांब्याच्या तारेचं चपटं वेटोळं असतं. त्यातून सेकंदाला वीस ते चाळीस हजार वेळा दिशा बदलणारा प्रवाह जातो. वीस हजारांच्या वर अशासाठी की त्याखालची वारंवारता कानाला शिट्टीसारखी ऐकू येते. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे शेजारच्या धातूत प्रवाह निर्माण होतो, हे फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं. इथे शेजारचा धातू म्हणजे भांड्याचा तळ. पण हा प्रवाह तळाच्या सगळ्या जाडीतून वाहत नाही. तो खालच्या पृष्ठभागाला चिकटून राहतो. २४ किलोहर्ट्झला लोखंडात हा थर जेमतेम ०.१ मिलिमीटरचा असतो, अॅल्युमिनियममध्ये अर्ध्या मिलिमीटरचा. पातळ थर म्हणजे जास्त रोध, आणि जास्त रोध म्हणजे जास्त उष्णता. लोखंडाचा मूळ रोधही जास्त, थरही पातळ. त्यामुळे त्याचा परिणामी रोध अॅल्युमिनियमच्या तीसपटींच्या आसपास जातो. साधा अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही तो यामुळेच. चुंबक चिकटला की भांडं चालेल, ही जुनी परीक्षा बरोबर आहे. स्टीलमध्ये मात्र दोन जाती असतात. १८-८ म्हणजे ३०४ जातीचं स्टील चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही, ४३० जातीचं देतं. इतवारीत भांडी घेताना चुंबक खिशात ठेवा आणि तो बाजूला नाही, तळाला लावून बघा.

याच ०.१ मिलिमीटरमध्ये एका अफवेचं उत्तर आहे. इंडक्शनच्या ‘लहरी’ अन्नात शिरतात, त्यावरचं अन्न निर्जीव होतं, असे संदेश फिरत असतात. एक मिलिमीटर जाड लोखंडी तळ म्हणजे असे दहा थर. तेवढ्यात क्षेत्र मूळच्या वीस हजाराव्या भागापेक्षाही खाली येतं. वरणाला लागते ती फक्त तळाची उष्णता, अगदी गॅसवर लागते तशीच. खबरदारी घ्यायची ती पेसमेकर बसवलेल्यांनी. त्यांनी डॉक्टरांना विचारावं आणि चालू शेगडीपासून दोन फूट तरी दूर राहावं. भांडं वेटोळ्यापेक्षा लहान किंवा कडेला सरकलेलं असेल तर क्षेत्र बाजूने बाहेर पडतं, म्हणून भांडं मधोमध ठेवायचं.

आता खरा मुद्दा. आपल्या २३० व्होल्टच्या विजेचं आधी सुमारे ३२५ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर होतं. मग आयजीबीटी नावाचा अर्धवाहक स्विच ती अतिवेगाने चालू-बंद करतो. स्वस्त शेगडीत असा एकच स्विच असतो, आणि वेटोळ्याला एक धारित्र म्हणजे कपॅसिटर जोडलेला असतो. स्विच चालू असताना वेटोळ्यात प्रवाह वाढत जातो. स्विच बंद झाला की ती ऊर्जा वेटोळं आणि धारित्र यांच्यात हेलकावे घेते. स्विचवरचा दाब हजार व्होल्टच्या आसपास चढतो, मग उतरत शून्यावर येतो. नेमका शून्याला स्विच पुन्हा चालू केला तर तो जवळजवळ तापत नाही. म्हणून या शेगड्यांत १२०० व्होल्ट सोसणारा आयजीबीटी घालतात.

हे झोक्यासारखं आहे. झोका द्यायला उभ्या असलेल्या माणसाचा हात मधल्या बिंदूपासून ठरावीक अंतरावर असतो. झोका मोठा असेल तर पाट हातापर्यंत येतो आणि धक्का अलगद बसतो. झोका लहान झाला की पाट हातापर्यंत पोचतच नाही. इथे मधला बिंदू म्हणजे ३२५ व्होल्ट आणि हात म्हणजे शून्य. आच कमी करायची तर प्रवाह कमी सोडायचा, पण मग हेलकावा लहान होतो आणि दाब शून्यापर्यंत उतरतच नाही. समजा तो १५० व्होल्टवरच अडकला, आणि स्विच तिथे चालू करावा लागला. धारित्रात साठलेली सगळी ऊर्जा तेव्हा स्विचमध्येच जिरते, तीही सेकंदाला वीस हजार वेळा. आयजीबीटी जळायला एवढं पुरेसं आहे. म्हणून एका स्विचच्या शेगड्या साधारण ८०० ते १००० वॅटच्या खाली सलग चालूच शकत नाहीत. तुम्ही ३०० वॅटचं बटण दाबता तेव्हा ती तीन सेकंद १००० वॅटने पेटते आणि सात सेकंद गप्प बसते. सरासरी ३००, पण भांड्याला ३०० वॅट कधीच मिळत नाहीत. शेगडीचा गुंजारव ऐका, हे चालू-बंद होणं कानाला कळतं.

महागड्या हॉबमध्ये एका वेटोळ्यामागे बहुधा दोन स्विच असतात. त्या मांडणीत स्विचवरचा दाब ३२५ व्होल्टच्या वर जातच नाही, त्यामुळे ६००-६५० व्होल्टचे चपळ आयजीबीटी चालतात. आच कमी करायची तर वारंवारता अनुनादापासून, म्हणजे वेटोळं आणि धारित्र यांच्या स्वाभाविक हेलकाव्याच्या वारंवारतेपासून, वर सरकवायची, की प्रवाह आपसूक घटतो. त्यामुळे सलग आच बरीच खाली उतरते. अगदी तळाच्या पायऱ्यांवर हे हॉबही चालू-बंद करतात, पण खूप छोट्या हप्त्यांनी. जास्तीच्या पैशांत तुम्ही मुख्यतः हे विकत घेता.

एवढ्याने स्वयंपाकात काय फरक पडतो, त्याचा हिशेब करता येतो. वीस सेंटिमीटर व्यासाच्या, अर्धा मिलिमीटर तळाच्या स्टीलच्या गंजाचा (पातेल्याचा) तळ सुमारे १२० ग्रॅमचा. त्यात फोडणीला दोन मोठे चमचे तेल. दोन्ही मिळून एक अंश तापायला ०.११ किलोज्यूल पुरतात. तीन सेकंदांच्या एका झटक्यात अडीच किलोज्यूल येतात, म्हणजे तापमान वीस-पंचवीस अंशांनी उसळतं आणि मग उतरतं. मोहरी हे सोसते, पण हिंग आणि तिखट जळतं. सावजी मसाला मंद आचेवर परतताना तळाला काळे ठिपके येतात ते यानेच. तूप कढवताना बेरी लवकर करपते, पुरण आटवताना तळाला चटके बसतात, ताकाची कढी फुटते. उलट कुकर, चहा, वरण, भात, अंडी, दूध तापवणं यांना काही फरक पडत नाही. कुकरमधलं दीड-दोन लिटर पाणी ते झटके पोटात घेतं.

या हिशेबातूनच एक स्वस्त तोड निघते. हेच अडीच किलोज्यूल दोन किलोच्या बिडाच्या तव्याला दिले तर तो तीन अंशही तापत नाही. म्हणून पातळ भांडी तशीच ठेवून साठ हजारांचा हॉब घेण्यापेक्षा तीन हजारांची शेगडी आणि दोन-तीन जाड बुडाची भांडी घेणं बहुतेक घरांना जास्त फायद्याचं ठरेल. ट्रायप्लायची म्हणजे तीन थरांच्या धातूची, अडीच-तीन मिलिमीटर जाडीची कढई पहिली घ्या, कारण फोडणी आणि परतणं तिच्यातच होतं. अॅल्युमिनियमच्या तळाला स्टीलची चकती ठोकून ‘इंडक्शन बेस’ केलेली भांडी मात्र जपून घ्या. अॅल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या दुपटीहून जास्त प्रसरण पावतं. काही महिन्यांत बूड फुगतं, भांडं काचेवर डुगडुगतं आणि आच घटते.

जाड भांड्याने एक गोष्ट मात्र सुटत नाही. स्वस्त शेगडीचं वेटोळं लहान, बारा-चौदा सेंटिमीटरचं असतं, आणि उष्णता कंकणाकृती पट्ट्यातच तयार होते. बिडातून उष्णता आडवी पसरायला वेळ लागतो, अॅल्युमिनियममधून ती कितीतरी लवकर पसरते. म्हणून तीस सेंटिमीटरच्या बिडाच्या तव्यावर पुरणपोळी मध्ये करपते आणि कडेला पांढरी राहते. पोळ्या-डोशांचा व्याप रोजचा असेल तर २१ ते २८ सेंटिमीटरचा झोन हे महाग हॉब घ्यायचं खरं कारण आहे. कोरड्या तव्यावर कणीक पातळ भुरभुरून मध्यम आचेवर दोन-तीन मिनिटं ठेवा. कंकण कुठे आहे ते तपकिरी रंगाने उमटतं. दुकानात हे करू देणार नाहीत, तिथे पसरट भांड्यात बोटाच्या पेराएवढं पाणी घेऊन बुडबुडे कुठून उठतात ते बघा. मग आच सगळ्यात कमी करा. उकळी थांबून थांबून आली तर झटक्यांचा काळ घड्याळावर मोजा. दोन सेकंदांपेक्षा लहान असेल तर हॉब चांगला.

‘इडली’, ‘डोसा’, ‘करी’ या बटणांना पैसे देऊ नका. तो ठरावीक वॅट आणि टायमर यांचाच संच असतो. तापमानाचं बटणही तितकंच सैल असतं, कारण संवेदक काचेखाली बसलेला असतो. त्याला काच किती तापली ते कळतं, तेल किती तापलं ते नाही, आणि तेही उशिरा. रिकामी कढई २००० वॅटवर ठेवून कोथिंबीर निवडायला बसू नका. इन्फ्रारेड शेगडीही ‘सगळ्या भांड्यांना चालणारं इंडक्शन’ म्हणून विकतात, पण ते इंडक्शन नाही. तिच्यात तार लाल होते आणि काच तापून भांडं तापतं.

खर्चाचा ताळा घरीच करता येतो. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिटांएवढी ऊर्जा असते. गॅसच्या शेगडीला भारतीय मानकानुसार प्रयोगशाळेत किमान ६८ टक्के कार्यक्षमता लागते, रोजच्या वापरात ६० धरू. इंडक्शनची ८५ धरली तर एक सिलिंडर म्हणजे १२७ युनिटं. सिलिंडरच्या किमतीला १२७ ने भागा. ९०० रुपयांना येत असेल तर सात रुपये आठ-नऊ पैसे. आता महावितरणच्या बिलातला सरासरी दर नका बघू. तुमचं शेवटचं युनिट ज्या टप्प्यात पडतं तो दर बघा, वहन आकार आणि वीज शुल्क धरून. टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. नागपुरात एप्रिल ते जून कूलर-एसीमुळे घर आधीच वरच्या टप्प्यात असतं, तेव्हा इंडक्शनचं प्रत्येक युनिट त्या चढ्या दराने पडतं. हिवाळ्यात तेच परवडू शकतं. छतावर सौर पॅनल असतील तर गणित वेगळं आणि इंडक्शनच्या बाजूचं.

पण उन्हाळ्यातच इंडक्शनचं सगळ्यात मोठं सुख आहे. गॅसची ४० टक्के उष्णता स्वयंपाकघरात जाते, आणि ज्योत हलते म्हणून पंखा बंद ठेवावा लागतो. बाहेर ४५ अंश असताना हे काय असतं ते इथल्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. इंडक्शनवर कूलरचा झोत थेट ओट्यावर सोडता येतो. पैशांचा हिशेब बरोबरीत सुटला तरी एवढ्यासाठी ते घ्यावं. भाकरी मात्र ज्योतीवरच फुलते आणि भरताचं वांगं ज्योतीवरच भाजतं. गॅसचा एक बर्नर राहू द्या.

हॉब ठरवण्याआधी वायरमनला बोलवा. २००० वॅट म्हणजे पावणेनऊ अँपिअर. ६ अँपिअरच्या सॉकेटवर ती शेगडी लावली तर प्लग वितळतो. १६ अँपिअरचा सॉकेट हवा, आणि त्यावर फ्रिज-मायक्रोवेव्हचा एक्स्टेंशन बोर्ड नको. चार झोनचा हॉब ७.४ किलोवॅटपर्यंत, म्हणजे ३२ अँपिअर ओढतो. त्याला मीटरच्या बोर्डापासून ६ चौरस मिमी तांब्याची स्वतंत्र तार, ३२ अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की ती तोडणारा स्विच) लागतो. वीजबिलावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो. तो ३ किलोवॅट असेल तर आधी महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करा. दोन झोनचा हॉब १६ अँपिअरवर चालतो खरा, पण त्याची एकूण मर्यादा साडेतीन किलोवॅटच्या आसपास असते. एका झोनवर ‘बूस्ट’ दाबलं की दुसऱ्याची आच आपोआप उतरते. तो बिघाड नव्हे.

बिघडतं ते बहुतेक हवेमुळे. आतला पंखा खोलीतलीच हवा ओढून आयजीबीटी थंड करतो. ४५ अंशांच्या हवेत त्याला फार मोकळीक उरत नाही. सुतार ओट्याखाली ड्रॉवर ठोकून हवेची वाट बंद करतात आणि मे महिन्यात हॉब दर दहा मिनिटांनी बंद पडतो. निर्मात्याने दिलेल्या आकृतीतलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून घ्या. सुटी शेगडी भिंतीपासून दहा सेंटिमीटर तरी दूर ठेवा, खाली वर्तमानपत्र अंथरू नका, आणि स्वयंपाक झाल्याबरोबर भिंतीवरचं बटण बंद करू नका. पंखा आणखी मिनिट-दोन मिनिटं फिरतो, तो फिरू द्या. उबेला झुरळं जाळीतून आत शिरतात आणि सर्किट शॉर्ट करतात, म्हणून जाळीची तेलकट धूळ महिन्यातून एकदा ब्रशने काढा. आयजीबीटी, रेक्टिफायर (वीज एकदिश करणारा भाग) आणि फ्यूज जळले तर सुट्या शेगडीत कुठलाही चांगला मेकॅनिक ते बदलून देतो. महागड्या हॉबमध्ये बहुधा अख्खं कार्ड, म्हणजे सर्किट बोर्ड, बदलावं लागतं. तेव्हा घेण्याआधी दुकानदाराकडून तीन गोष्टी लिहून घ्या: कार्डची किंमत, काचेची किंमत आणि त्या कंपनीचं सेवा केंद्र नागपुरात आहे की भाग पुण्या-मुंबईहून येतात.